बेबी टूची आदर्श झोप

त्या आठवड्यात आमच्या घरच्या ॲपमध्ये दोन बाळं होती, आणि त्यांतल्या एकाच्या झोपेचा मला अगदी मनापासून हेवा वाटत होता.

पहिलं बाळ माझं. चैत्रा, आठ महिन्यांची. झोपते ती ढुंगण वर करून, आणि तेही मेहेरबानी केल्यासारखं. दुसरं बाळ पंचधातूचं. ह्या तमिळ गावात आमची पिढीजात मराठी गल्ली आहे, तिच्या टोकाला विठोबाचा भजनमठ आहे, तिथे गोकुळाष्टमीच्या उत्सवात कृष्ण पाळण्यात असतो, तो.

हे जुळं माझ्या सासऱ्यांमुळे झालं. राजगोपाल राव, म्हणजे आमचे मामा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत. अजूनही फोन वाजला की ते एक्स्चेंजमध्ये बसल्यासारखे ताठ होतात. "अख्ख्या नोकरीत एक राँग कनेक्शन दिलं नाही," हे वाक्य आमच्या घरी हळदी-मिठाइतकं रोजचं आहे. मी पाळण्यावर लावायला एक कॅमेरा मागवा म्हटलं, त्यांनी दोन मागवले. जोडीत मिळतात म्हणे. दुसरा मठाला. मठाची निम्मी माणसं आता चेन्नई, बंगळूर आणि त्याच्याही पलीकडे गेली आहेत, आणि जी गावात उरली आहेत त्यांचे गुडघे उरलेले नाहीत. मठाच्या ग्रुपवर लिंक टाकली की त्यांना घरबसल्या दर्शन होईल.

पण कॅमेरा लहान मुलांचा. त्याच्या ॲपला पाळण्यात बाळ असतं एवढंच ठाऊक. त्याने मामांना कृष्णाचं वजन विचारलं. मग जन्मतारीख. मामा खुर्चीत बसून अंगठ्याने वर्षांचं चक्र मागे मागे फिरवत राहिले.

"मामा, कुठवर पोचलात?"

"एकोणीसशेच्या अलीकडेपलीकडे. द्वापरयुग अजून लांब आहे."

स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "दर वर्षी जन्मतोच की तो! ह्या वर्षाची घाला आणि जेवायला या."

नावाच्या जागी ॲपने आपणहून ‘बेबी टू’ लिहिलं होतं. मामांना तिथे ‘श्रीकृष्ण’ घालायचं होतं, पण खालच्याच ओळीत लंगोट बदलल्याची नोंद होती. देवाचं नाव अशा शेजाराला नको, म्हणून बेबी टू तसाच राहिला.

रोज सकाळी अहवाल यायचा. चैत्रा: झोप अपुरी, जाग वारंवार, रडणं मध्यम. बेबी टू: झोप आदर्श, रडणं नाही, अभिनंदन, आपण उत्तम पालक आहात. ते अभिनंदन मामा चहाच्या, चुकले, कॉफीच्या पेल्याबरोबर मला वाचून दाखवायचे. ‘बाळ बराच वेळ हललेलं नाही, कृपया तपासा’ अशी सूचना मात्र मठातून सतत येऊ लागली तेव्हा त्यांनी ती बेबी टूपुरती बंद केली. "देवाने कधी हलायचं हे सांगणारा हा कोण?"

चैत्राची सूचना मी चालूच ठेवली होती. खरं सांगायचं तर सूचना यायच्या आधीच मी तपासलेलं असायचं. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. कधी कधी त्यानेच ती उठते.

आणि मला नोकरी हवी होती. गावातल्याच कॉलेजात कंप्युटर सायन्स विभागात एक जागा निघाली होती, गुरुवारी डेमो क्लास होता. मी एम.एस्सी. आहे, बाळंतपणाआधी दोन वर्षं शिकवलंही होतं. शिकवण्याची भीती नव्हती. भीती होती ती उंबऱ्याची. चैत्राला मागे ठेवून मी अजून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. रघुरामला, माझ्या नवऱ्याला, मी फोनवर सांगून टाकलं होतं: गुरुवारी मला तिला सोडून राहता आलं नाही, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. तो चेन्नईहून शनिवारी-रविवारी येतो.

"तिला सोडशील गं," तो म्हणाला. "फोन सोडशील का, ते सांग. वर्गात जाईपर्यंत तो व्हिडिओ उघडायचा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं, आणि बोटावर बोट चढवून ठेवलं, शब्द मोडला तरी चालावा म्हणून.

सासूबाईंना, नाव पंकजा, पण मी त्यांना आत्या म्हणते, हे सगळं नाटक वाटायचं. "मी तीन पोरं वाढवली. वर कुठला कॅमेरा होता?"

"आत्या, तुमच्या पोरांवर डोळा ठेवायला अख्खी गल्ली होती."

"मग ती गल्ली आता कुठे गेली?"

"व्हॉट्सॲपवर," मामा पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

बुधवारी मठात दुधाचा अभिषेक झाला आणि दूध कॅमेऱ्यावर उडालं. मामा तो पुसायला घरी घेऊन आले. त्याच संध्याकाळी चैत्राने नाचणीची पेज थुंकून आपल्या कॅमेऱ्याचीही तीच गत केली होती. मामांनी दोन्ही कॅमेरे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले, चष्म्याच्या फडक्याने देवघरातली भांडी उजळावीत तसे उजळले, आणि मी आत बसून माझ्या स्लाइड्स जुळवत होते. टेबलाकडे माझी पाठ होती. आयुष्यात मी ज्या काही थोड्या गोष्टींकडे पाठ केली असेल, त्यांतली ही एक.

गुरुवारी सकाळी मी चैत्राचे पापे घेतले, तळपायाला काजळाची टिकली लावली, नाकाखाली बोट धरलं, ती जागी असूनही, आणि रिक्षात बसले. महामहम तळ्याच्या वळणावर मामांचा मेसेज आला: दोन्ही लाइन चालू. पुढे अंगठा. मी व्हिडिओ उघडला नाही. उघडला नाही, ह्याची नोंद कुणीतरी घ्यावी अशी माझी फार इच्छा होती.

डेमोचा विषय मीच निवडला होता: फोनवरची सूचना कधी यावी, कुणाला यावी आणि किती वेळा यावी. उदाहरण घरचंच. माझा फोन वर्गातल्या मोठ्या पडद्याला जोडला होता. बेत असा, की सूचनांची रचना समजावून झाली की शेवटी कॅमेरा उघडायचा, पडद्यावर झोपलेली चैत्रा दिसणार, पोरं विरघळणार, मागच्या बाकावर बसलेल्या विभागप्रमुख त्रिपुरसुंदरी मॅडमही थोड्या विरघळणार. शिवाय मलाही ती दिसेल. एका दगडात तीन पक्षी मारायचा माझा विचार होता.

वर्ग छान चालला होता. मी तमिळमध्ये बोलत होते, मुलं हसत होती, सतीशकुमार नावाचा पुढच्या बाकावरचा एक मुलगा दर वाक्याला शंका काढत होता, आणि मला चक्क काही काळ आठवण झाली नव्हती की मला मूल आहे. तेवढ्यात पडद्यावर, माझ्या स्लाइडच्या डोक्यावर, भलीमोठी पट्टी उतरली:

चैत्रा बराच वेळ हललेली नाही. कृपया तपासा.

"मॅडम, हे स्लाइडमधलं आहे की खरं?" सतीशकुमारने विचारलं.

मी कॅमेरा उघडला. पडदाभर पिवळं रेशीम. पाळण्यावर वरून खालपर्यंत पिवळं रेशमी वस्त्र ओढलेलं, आणि त्याखाली एक छोटासा उंचवटा. तोंड दिसत नाही. वस्त्र तोंडावर आहे. हलत नाही.

आमच्या घरी असलं पिवळं रेशीम नाही, हे मला कळायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात डोकंच नव्हतं. मी आत्यांना फोन लावला. एंगेज. मामांना लावला. एंगेज. घरची लँडलाइन, जी मामांनी निवृत्तीनंतरही हट्टाने ठेवली आहे, तीसुद्धा एंगेज. सगळा वर्ग पडद्यावर माझा एकेक फोन फुकट जाताना बघत होता. मागून त्रिपुरसुंदरी मॅडम उठून आल्या, त्यांच्या हातात स्कूटरची किल्ली होती. "चल. मी सोडते. क्लासचं नंतर बघू."

मी पिशवी उचलली. म्हणजे संपलं, असंही मनात आलं. हा विषय पुन्हा काढणार नाही म्हणाले होते ना मी.

"मॅडम!" सतीशकुमार ओरडला. "पाप्पाला, त्या बाळाला, लोणी कोण देतंय?"

पडद्यावर एक केसाळ हात आला होता. हातात पितळी घंटा. ती वाजली. मग त्या हाताने पाळण्याशेजारी लोण्याचा गोळा ठेवला, त्यावर तुळशीचं पान ठेवलं, आणि पिवळं रेशीम अदबीने बाजूला सारलं. आत, गुडघा टेकून, हातात लोणी धरून, अगदी आदर्श झोप झालेल्या चेहऱ्याने बेबी टू बसला होता.

तो केसाळ हात आमच्या मठाच्या पुजाऱ्यांचा, व्यंकोबांचा होता. दुपारच्या नैवेद्याआधी ते देवाला झाकतात, हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत आहे.

वर्ग हसून बाकांवर कोसळला. मीही हसले असते, पण कॅमेऱ्यावरचं नाव पुन्हा वाचलं: चैत्रा. कृष्ण जर चैत्राच्या कॅमेऱ्यात आहे, तर चैत्रा कुठल्या कॅमेऱ्यात आहे?

आणि फोन वाजला. पडद्यावर नाव आलं: शिवकामी मावशी, इन्नंबूर. ह्या आत्यांच्या मावसबहीण. सत्तरी ओलांडलेल्या, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि तेव्हापासून आपल्याला गरुडासारखं दिसतं असं येईल-जाईल त्याला सांगत असतात. घाईत मी भलतंच बटण दाबलं आणि त्यांचा आवाज वर्गातल्या दोन्ही स्पीकरांतून घुमला.

"अगो नंदिता! कुठे आहेस तू? बाळीने डाव्या पायातला मोजा काढून तोंडात घातलाय, आणि पंकजा तिकडे पाठ करून फोनवर बोलत बसलीय! किती वेळ लावतेय तिला, लागतच नाही!"

घराबाहेर आम्ही मराठी बोलत नाही. बोललोच तर बसमध्ये, हळू, बायकाबायकांत. आणि इथे कॉलेजच्या भिंतींवरून आमचं घरचं बोलणं आदळत होतं. मुलं आ वासून ऐकत होती.

"मावशी, तुम्हाला कसं दिसतंय?"

"कसं म्हणजे? दर्शनाच्या लिंकवर! अस्की जणं बघतायत गं, मद्रासची, बंगळूरची, सगळी अस्की! सकाळपासून. आधी वाटलं व्यंकोबाने ह्या वर्षी खरं बाळ ठेवलं पाळण्यात, काय बहार केली म्हणून सगळी जणं पंकजेला फोन करतायत. मी म्हटलं, हे डोळे नवीन आहेत, मला फसवू नका. तळपायाची टिकली ओळखली मी. थांब, थांब... वळली. वळली पंकजा. काढला मोजा. आता बाळी मोज्यासाठी रडतेय. रडू दे. दमाने रडतेय, छान रडतेय."

मी खुर्चीत बसले. "छान रडतेय," एवढंच मी वर्गाला तमिळमध्ये सांगितलं, आणि का कोण जाणे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्रिपुरसुंदरी मॅडमनी किल्ली पर्समध्ये टाकली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांचं काजळ पसरलं होतं. "जायचंय की शिकवायचंय?"

मी पडद्याकडे पाहिलं. कृष्ण. फोनकडे पाहिलं. मावशी अजून लाइनवर, आता मोजा कसल्या कापडाचा असावा ह्यावर बोलत होत्या. "मावशी, तुम्ही बघत राहाल ना थोडा वेळ?"

"मग काय, डोळे मिटून बसू? इतका खर्च केलाय त्यांच्यावर."

मी शिकवलं. तयार केलेल्या स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि कृष्ण पडद्यावर तसाच राहू दिला. ॲप खोटं बोललं का? सतीशकुमार म्हणाला, नाही मॅडम, बाळ खरंच हललं नव्हतं. मागची एक मुलगी म्हणाली, पण त्याने कॅमेऱ्याला बाळाचं नाव दिलं, कॅमेरा हलवला की नावही गावभर हिंडणार. कुणी म्हणालं, त्या पाट्टींना, म्हणजे आजींना, फोन करायला ॲपने सांगितलं नव्हतं, तरी बरोबर सूचना त्यांचीच आली. ह्यावर इतका गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

घरी पोचले तेव्हा चैत्रा आत्यांच्या कडेवर होती, दोन्ही पाय अनवाणी. मी बोट नाकाखाली नेलं, ते तिने चावलं. मग मी मामांकडे वळले. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण दोन्ही लाइन चालू होत्या ना?"

"चालू होत्या, मामा. उलट्या."

टेबलावर चष्म्याचं फडकं होतं, मामांनी त्याची घडीवर घडी घातली. मग घरात कुणी आजारी असल्यासारखे हळूच म्हणाले, "क्रॉस कनेक्शन." थोड्या वेळाने, जरा धीर येऊन, "राँग नव्हे. क्रॉस."

आत्या इतक्या हसल्या की चैत्रा दचकून त्यांच्याकडे बघायला लागली आणि मग तीही हसली.

मी लिंक बंद करायला लावली, कॅमेरे जागच्या जागी लावून घेतले, आणि मगच ती मठाच्या कृष्णासाठी पुन्हा उघडू दिली. माझ्या बाळाला सकाळभर कोण कोण बघत होतं ह्या विचाराने माझ्या अंगावर काटा आला होता. पण नंतर मठाच्या ग्रुपवरचे मेसेज मी वाचले. एकूण एक वाचले. मच्छर बसलाय गालावर, कुणीतरी बघा. पंखा जोरात आहे. कृष्णाच्या कानात यंदा डूल कसे? बंगळूरच्या गुरुमूर्तींनी लिहिलं होतं, ती मुलगी आहे, राजगोपालची नात, आणि तरीही एकही जण उठून गेला नव्हता. उलट, झोपली का, झोपली का, असं विचारत होते. खरा कृष्ण परत पडद्यावर आला तेव्हा कुणीतरी काळजीने लिहिलं: आज फार शांत आहे. बरं नाही का?

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. सोमवारपासून या. मी म्हटलं, उद्या कळवते.

"उद्या काय?" रघुराम फोनवर ओरडलाच. "सोडलंस की तिला!"

"कुठे सोडलं? पिशवी उचलली होती मी. मावशीचा फोन आला म्हणून थांबले. सोमवारी कोण फोन करणार आहे?"

आत्या एकट्या, त्यांना स्वयंपाक, त्यांचा फोन, त्यांचे गुडघे. चैत्राचं दर्शन मीच बंद केलं होतं आणि ते मी पुन्हा उघडणार नव्हते. शुक्रवारी सकाळी नकार सांगायचे शब्दसुद्धा मी मनात जुळवून ठेवले. तमिळमध्ये, नम्र.

फोन हातात घेतलाच होता, तर दारात रिक्षा थांबली. आतून आधी एक कापडी पिशवी उतरली, मग डांगराची एक मोठी फोड, मग काळा चष्मा लावलेल्या शिवकामी मावशी.

"मावशी! कळवलं नाही?"

"कुणाला कळवू? तुमच्या तिघांचे फोन कधी लागतात?" त्या चपला काढता काढता म्हणाल्या. "काल दुपारपासून पडद्यावर बाळी दिसेना. त्या कृष्णाला किती बघायचं, हलत नाही की डुलत नाही. इन्नंबूरला भातखाचरं आहेत, तीही हलत नाहीत. म्हटलं बस धरावी, बाळीला समोरूनच बघावं." आत जाऊन त्या पाळण्याशेजारी बसल्या, चष्मा कपाळावर सरकवला. चैत्राने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी चैत्राकडे पाहिलं. दोघींपैकी कुणीच आधी पापणी लववायला तयार नव्हतं.

"किती दिवस राहणार, अक्का?" आत्यांनी विचारलं.

"ही चालायला लागली की बघू. मग मागे धावायला कोणी तरणं शोधा."

मी अंगणात गेले आणि मॅडमना फोन लावला. तमिळमध्ये, नम्र, पण जुळवून ठेवलेल्या शब्दांतला एकही उपयोगी पडला नाही.

सोमवारी वर्गाच्या दारात पोचले, आणि फोन थरथरला. हो, चालू होता; रघुरामला सांगू नका. ॲपची सूचना होती.

पाळण्याजवळ अनोळखी व्यक्ती आहे. ती बराच वेळ हललेली नाही. कृपया तपासा.

मी ‘तपासलं’ दाबलं आणि आत गेले.